वारा, उजेड आणि राडारोडा : मुंबईतील लहान घराच्या सव्वाशे वर्षांचा मागोवा

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, लोक जीव मुठीत धरून गावोगाव पांगले, आणि जी घरे ओस पडली त्यांच्या आत सरकारी अंमलदार शिरले, तेव्हा या संपन्न बंदराच्या पोटात किती अंधार साठला आहे याची नोंद दप्तरी होऊ लागली. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, स्थापन झालेल्या ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ने त्या अंधारावर जे उपाय योजिले, त्यांतील एक आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तो म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीच्या खिडकीसमोर जी मोकळी जागा असेल, तिच्या रुंदीच्या दुपटीहून समोरची इमारत उंच नसावी, म्हणजे आकाशाचा काही तुकडा प्रत्येक खोलीच्या वाट्याला येईल, असा त्या कोनाचा व्यावहारिक अर्थ होता. आणि ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी १९१२ च्या सुमारास घरांतील उजेड आणि हवा या विषयाचा पाठपुरावा ज्या निष्ठेने केला, ती निष्ठा पुढल्या काळात फारशी टिकली नाही. पर्यावरणस्नेही घराची भाषा आज नवी वाटत असली, तरी तिचे पहिले कलम या शहरात तेव्हाच लिहिले गेले होते. लहान जागेची फेररचना करू पाहणाऱ्याने परदेशी मासिकांतील चित्रे चाळण्याआधी हा आपलाच इतिहास एकवार पाहावा, एवढ्याच हेतूने हा मागोवा आहे.

गिरण्यांच्या भोंग्यांवर जगणाऱ्या मुंबईला आधी खोली हवी होती, उजेड नंतर. १९२० साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ने (बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे सिमेंट-काँक्रीटच्या ज्या चाळी उभ्या केल्या, त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. मध्ये लांबलचक बोळ आणि दोहों बाजूंस खोल्या, या रचनेत आरपार वाऱ्याला वाव बेताचाच होता. सामायिक संडासांपुढील रांगा, पहाटेच्या पाण्यासाठी होणारी बायकांची दमछाक आणि एका खोलीत दहा-दहा माणसांचा निवास यांचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. परंतु ज्या कुटुंबांनी त्या खोल्यांत पिढ्या काढल्या, त्यांनी जागेची जी व्यवस्था लावली ती कोणत्याही गृहरचनाकाराने अभ्यासावी अशी आहे. सकाळी वळकट्या माळ्यावर गेल्या की झोपण्याची खोली नाहीशी होई. ताटे मांडली की तीच पंगतीची जागा होई. भिंतीतले फडताळ, दाराआडच्या खुंट्या, छताखालची कपडे वाळवण्याची दांडी आणि खाटेखालची ट्रंक यांनी जमिनीचा एकही चौरस फूट न अडविता संसार सामावून घेतला होता. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला जाई आणि फाटलेल्या लुगड्याची गोधडी होई. ही काटकसर सक्तीची होती हे खरे. पण सक्तीतून आलेले शहाणपण सक्ती संपल्यावर टाकून द्यावे असा काही नियम नाही.

दादर-माटुंग्याच्या योजनांत, हिंदू कॉलनीत आणि शिवाजी पार्कच्या परिसरात, विशेषतः १९३० ते १९५० या कालखंडात, मध्यमवर्गाने स्वतंत्र न्हाणीघर आणि शौचकूप असलेल्या ब्लॉकचा स्वीकार केला, आणि लहान घराच्या इतिहासातील बहुधा सर्वांत समतोल पर्व तेव्हाच आले. खिडक्यांवर पावसाला थोपविणारे रुंद छज्जे होते, दारावर झडप होती, छत उंच होते. दाराखिडक्यांचे लाकूड ब्रह्मी सागाचे होते आणि पायाखाली रंगीत सिमेंटच्या नक्षीदार फरश्या होत्या. १९२२ साली स्वदेशीच्या ध्यासातून सुरू झालेल्या ‘भारत टाईल्स’ने या फरश्या घरोघर पोहोचविल्या. ती फरशी घडविण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. धातूच्या साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंटचा पातळ लगदा ओतावा, साचा अलगद उचलावा, पाठीमागे सिमेंट-रेतीचा कोरडा थर पसरावा, दाबयंत्राखाली तो घट्ट करावा आणि मग फरशी पाण्यात मुरू द्यावी, एवढाच तो विधी. भट्टी कोठेच नाही. पायांनी जसजशी घासावी तसतशी ती तुकतुकीत होत जाते आणि रंगाचा थर जाड असल्यामुळे घासून पुन्हा नवी करता येते. आज जी विट्रिफाइड फरशी सर्रास बसविली जाते, ती बहुतांशी गुजरातेतील मोरबीच्या कारखान्यांत सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून शेकडो मैलांचा प्रवास करून येते, आणि तिच्यासाठी जी सिमेंटची फरशी फोडली जाते ती अनेकदा आणखी दोन पिढ्या टिकणारी असते.

या समतोलाला तडा गेला तो दोन कायद्यांच्या मधल्या काळात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, मालकाचा दुरुस्तीतील रस मात्र आटला, आणि पाझरणाऱ्या भिंती व कुजलेले खांब यांचा प्रश्न इतका विकोपाला गेला की १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ नेमण्याची पाळी आली. १९६३ च्या मालकी सदनिकांच्या कायद्याने उलट दिशेने काम केले. घर आपल्या नावावर झाले, आणि आपल्या मिळकतीत हवा तो फेरफार करण्याची उमेदही त्याबरोबर आली. त्या उमेदीचा पहिला बळी ठरली बाल्कनी. दोन फूट जागेच्या लोभाने ती खोलीत घेतली गेली, आणि ऊन व पाऊस यांना घराबाहेरच अडवून धरणारा पडदा नाहीसा झाला. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ इमारतीत कोपऱ्याकोपऱ्यांना दुमजली उंचीच्या गच्च्या ठेवून जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचे तत्त्व उंच मनोऱ्यात आणून दाखविले. परंतु ती श्रीमंतांची इमारत होती, आणि तिच्यातील धडा लहान घरांपर्यंत उतरला नाही.

१९९१ नंतरच्या तीन दशकांत पैसा खेळू लागला आणि नूतनीकरणाचा झपाटा वाढला. या काळातील सर्वांत मोठी हानी मला खिडकीची झालेली दिसते. पाच फूट रुंद आणि चार फूट उंच अशी सागाची खिडकी दोन्ही पाने उघडली की वीस चौरस फूट वारा आत घेई. तिच्या जागी त्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसविली की एक पान नेहमी दुसऱ्याच्या मागे राहते आणि वाऱ्याला दहाच चौरस फूट वाट उरते. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकविण्याचे काम अंगावरून वाहणारा वाराच करतो. आणि तो वाहण्यासाठी येण्याची वाट हवी तशीच जाण्याचीही हवी. पीओपीच्या खोट्या छताने दारावरच्या झडपा झाकल्या, सुरक्षिततेच्या दारांनी जाण्याची वाट बंद केली, आणि मग जी उष्णता घरात कोंडली गेली तिच्यासाठी वातानुकूलन यंत्र आले, जे आपल्या खोलीतील उष्मा शेजाऱ्याच्या चौकात लोटते. सागाच्या कपाटांऐवजी प्लायवूडची भिंतभर कपाटे आली; स्वस्त प्लायवूडच्या सरसातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड वायू उष्ण आणि दमट हवेत अधिक सुटतो, ही गोष्ट बंद खोलीत झोपणाऱ्या लेकरांच्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

आणि जे फोडले त्याचे काय झाले? जिन्यातून पाठीवर उतरविल्या जाणाऱ्या गोण्या मक्तेदाराच्या टेंपोत चढल्या की घरमालकाची जबाबदारी संपते, अशी आपली समजूत असते. पण तो राडारोडा कित्येकदा रात्रीच्या वेळी खाजणात आणि खारफुटीत रिता होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुजलेली खाजणे आणि आक्रसलेली मिठी नदी यांची किंमत शहराने मोजली. २०१६ मध्ये बांधकामाच्या राडारोड्यासाठी देशभर स्वतंत्र नियम जारी झाले खरे; तथापि ज्या गोणीची गरजच पडली नाही तिच्यासाठी नियमाची, टेंपोची आणि भरावभूमीची कशाचीच आवश्यकता नसते.

गेल्या काही वर्षांत पाऊल पुन्हा जुन्या वाटेकडे वळते आहे, ही समाधानाची बाब होय. २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने नव्या निवासी इमारतींसाठी, मुंबईसारख्या उष्ण-दमट प्रदेशात, उघडता येणाऱ्या दाराखिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या निदान एक षष्ठांश असावे असा दंडक घातला, म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला वीस चौरस फुटांचा मोकळा वारा. प्लेगच्या काळी जे कळले होते, तेच सव्वाशे वर्षांनी पुन्हा कागदावर आले, आणि २०२० च्या साथीत बंद खोल्यांतून महिनेच्या महिने काढल्यावर ते सामान्य माणसालाही पटले. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो, तेथे नव्या बीएलडीसी मोटरीचा पंखा तिशीच्या आसपास भागवितो. शौचकूपाची जुनी टाकी एका वेळी दहा-बारा लिटर पाणी सोडते, तेथे दुहेरी बटणाची टाकी तीन किंवा सहा लिटरांत काम करते. शेवटच्या मजल्यावर गच्चीत पांढऱ्या चिनी फरशीच्या तुकड्यांचा थर दिला की स्लॅब उन्हाने तापणे पुष्कळ कमी होते. हे सारे साध्या संसाराच्या आवाक्यातले आहे.

वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांना गांधीजींची भेट मुंबईतच घडली, १९४० च्या दशकात. आणि घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामग्रीतून बांधावे हा गांधीजींचा विचार बेकर यांनी पुढे केरळात आयुष्यभर पाळला. आजच्या मुंबईत पाच मैलांच्या परिघात ना माती आहे, ना बांबूचे बेट. पण पुनर्विकासासाठी पाडल्या जाणाऱ्या इमारतींतून निघणारा शंभर वर्षांचा साग, शहाबादी फरशी, बिडाचे कठडे आणि अखंड दारे-खिडक्या मात्र मुबलक आहेत. या शहराची खाण आणि या शहराचे अरण्य आता तेच. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एक फेरी मारावी, म्हणजे नव्या प्लायवूडपेक्षा टणक लाकूड रंध्यासाठी वाट पाहत उभे आहे हे दिसेल.

बीडीडी चाळींतील रहिवाशांना आता ५०० चौरस फुटांच्या सदनिका मिळत आहेत, आणि शहरभर अशी असंख्य कुटुंबे नव्या किल्ल्या हाती घेत आहेत. सर्वोत्तम निर्णय पहिल्याच महिन्यात घ्यावयाचा असतो, कारण फोडलेली भिंत आणि बदललेली खिडकी पुन्हा पूर्ववत करण्याचे बळ सहसा कोणात उरत नाही. म्हणून क्रम असा असावा: आधी वारा आणि उजेड यांच्या वाटा मोकळ्या कराव्यात, मग जे आहे ते दुरुस्त करून वापरावे, जे नाही ते जुन्या बाजारात शोधावे, आणि अगदी शेवटी, गरज उरलीच तर, नवे विकत घ्यावे. मक्तेदार अंदाजपत्रक घेऊन येईल तेव्हा त्यात फोडकामाचा रकाना सर्वांत वर असेल. त्या रकान्यातील प्रत्येक ओळीचे कारण विचारण्याचा अधिकार घरमालकाचा आहे, आणि आपल्या शहराच्या प्रकृतीसाठी तो त्याने संकोच न करता बजावला पाहिजे.