तिळाएवढी माशी, तिचं नाव आणि तिचा पत्ता

पोट्टेहो, वडाळीच्या तलावावर गेलात, नाहीतर अकोल्याकडे काटेपूर्णेच्या काठाला, की पाण्याशी उकिडवं बसा. ओल्या चिखलावर, तरंगत्या पानांवर तिळाएवढ्या करड्या माश्या चालताना दिसतील. हात पुढे केला की भुर्रकन उडतात आणि हातभर अंतरावर पुन्हा बसतात.

“आबाजी, चिलटंच होत ना ते?”

नाही रे बाप्पा! चिलटं वेगळी. ह्या काठमाश्या. शास्त्रज्ञ त्यांच्या कुळाला ‘एफिड्रिडी’ म्हणतात. भिंगातून पाहा: चेहरा पुढे फुगलेला, तोंड रुंद, आणि पंखाच्या पुढच्या कडेची जाड शीर दोन ठिकाणी तुटलेली. इतकं जुळलं की कूळ कळलं. पण जगात या कुळाच्या जवळपास 2,000 जाती आहेत. नेमकी जात कोणती, हे ठरवायला बहुतेक वेळा नराच्या शेपटाकडचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

“एवढ्याशा माशीसाठी एवढी खटपट कायले?”

ऐक. या कुळात ‘हायड्रेलिया’ नावाची प्रजात आहे. तिच्यातल्या एका माशीची अळी धानाच्या कोवळ्या, अजून न उलगडलेल्या पानांच्या कडा खाते. भंडारा-गोंदियासारख्या धानाच्या मुलखात ती शत्रूच. तिची सख्खी चुलत बहीण ‘हायड्रेलिया पाकिस्तानी’. ती धानाकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला लागते हायड्रिला, तळ्यात गुंतलेली ती लांब हिरवी पाणवनस्पती. अंड्यातून निघालेली अळी थेट पानाच्या आत शिरते आणि हिरवा गर खात पुढे सरकते. एक अळी नऊ ते बारा पानं फस्त करते. अन् पाण्याखाली श्वास कसा घेते? शेपटाशी दोन बारीक काटे असतात. ते झाडात खुपसून त्यातलीच हवा घेते! कोषातून निघालेली माशी हवेच्या बुडबुड्यात बसून वर येते.

आता गंमत. हीच हायड्रिला 1950च्या दशकात शोभेच्या मत्स्यपेट्यांसाठी अमेरिकेत गेली आणि तिथल्या पाण्यात सुटली. फ्लोरिडातले कालवे-तळी तिने गच्च भरून टाकली. मग तिथल्या शास्त्रज्ञांनी तिच्या मूळ मुलखात तिचा वैरी शोधला. ही माशी भारतातून नेली, बंदिस्त प्रयोगशाळेत तपासली, दुसऱ्या कोणत्या झाडांवर जगते का ते पाहिलं आणि 1987 मध्ये फ्लोरिडात सोडली. तिच्याऐवजी चुकून धान खाणारी बहीण गेली असती तर? शेतकऱ्यांच्या गळ्यात नवंच लोढणं पडलं असतं.

“मग संपली का तिकडची हायड्रिला?”

नाही. माशी तिथे रुजली, पानं खाते, पण वनस्पतीचा जोर तिला पुरून उरला. त्यात तिथली एक बारीक परजीवी गांधीलमाशी हिच्या कोषांत अंडी घालू लागली. निसर्ग कोणाचाच हिशेब एकतर्फी ठेवत नाही.

आता या माशीचा पत्ता. शास्त्रात तिचं वर्णन 1978 मध्ये झालं. नावात पाकिस्तान असला तरी ती भारतातही आहे. पण कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या तळ्यात, हे कोणीतरी पाहून लिहून ठेवल्याशिवाय नकाशावर ठिपका पडत नाही.

ते काम तुम्हीही करू शकता. पानांवर पांढुरके, पोकळ चट्टे पडलेली हायड्रिलाची एखादी फांदी पाण्यासकट बरणीत ठेवा, तोंडाला पातळ फडकं बांधा आणि सावलीत ठेवून वाट पाहा. माशी निघाली तर बरणीवर चिठ्ठी लावा: गाव, तळं, तारीख आणि ती कोणत्या झाडातून निघाली ते. मग जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मॅडमना नेऊन दाखवा. चिठ्ठी असली तर त्या तुम्हाला बसवून घेतील, भिंग काढतील. नसली, तर एक मेलेली माशी घेऊन आलात एवढंच!