फर्स्ट कॉपीच्या पोटातलं मशीन

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत काचेखाली रोलेक्स, ओमेगा, टॅग ह्युअर अशी सगळी स्विस घराणी एका ओळीत मांडलेली दिसतात. भाव दोन-तीन हजारांपासून सुरू. जरा रेंगाळलं की दुकानदार खालच्या खणातून दुसरा पीस काढतो. ‘‘ये देखो साहब, फर्स्ट कॉपी. ऑटोमॅटिक है, मशीन जपानी.’’ लग्नसराईत नवरदेवासाठी, परदेशी जाणाऱ्या भाच्यासाठी असे पीस सर्रास घेतले जातात. घड्याळाची खरी आवड असलेल्यांनी तरी हे पैसे इथे घालू नयेत, असं मला कळकळीने वाटतं. त्यासाठी या पिसाच्या पोटात काय असतं ते नीट पाहायला हवं.

सर्वांत जास्त नक्कल होते ती रोलेक्सच्या सबमरीनरची. 1953 मध्ये पाणबुड्यांसाठी आलेलं हे घड्याळ आज 300 मीटर खोलीपर्यंतची हमी देतं आणि भारतात त्याची किंमत दहा लाखांच्या घरात जाते. त्याचं मशीन तासाला 28,800 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ. त्यामुळे सेकंदकाटा सरकल्यासारखा वाटतो. अगदी स्वस्त नकलेत सेलवर चालणारं मशीन असतं आणि काटा दर सेकंदाला एकदा टिचकी मारतो. दुकानदाराचं ‘जपानी’ मशीन बहुतेक वेळा जपानी मियोटा कंपनीच्या साध्या, टिकाऊ आराखड्यावरून चीनमध्ये बनवलेलं असतं. तासाला 21,600 ठोके, सेकंदाला सहा. सवयीच्या डोळ्याला दोन ठोक्यांचा हा फरक लांबूनही कळतो.

तारखेवरचं भिंगही बोलतं. रोलेक्सचं भिंग अंक अडीचपट मोठा दाखवतं. स्वस्त नकलेत अंक जेमतेम दीडपट होतो. पाठीमागे काच लावून आतलं मशीन दाखवणारी ‘सबमरीनर’ समोर आली, तर पुढे तपासायची गरजच नाही, कारण या मॉडेलची पाठ कायम बंद धातूची असते. रोलेक्सच्याच डेटोनाच्या नकलेत तर सरळ फसवणूक दिसते. अस्सल डेटोनातल्या तीन छोट्या डायल सेकंद, मिनिटं आणि तास मोजतात. अनेक नकलांत त्याच जागी वार, तारीख आणि चोवीस तासांचा काटा बसवलेला असतो. बाजूची बटणं दाबली की काहीच मोजलं जात नाही. सोन्याच्या मॉडेलची नक्कल ओळखायला आपल्या घरातल्या बायकांइतकं कुणी पटाईत नाही, हातात घेताच वजन कळतं. अठरा कॅरेटचं सोनं पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड असतं.

तीस-चाळीस हजारांच्या वरची नक्कल मात्र वेगळी चीज आहे. चिनी कारखान्यांनी रोलेक्सच्या 1988 सालच्या 3135 या मशीनचीही बारकाईने नक्कल केली आहे. अशा पिसाची पाठ उघडल्याशिवाय जाणकारालाही पैज लावता येत नाही. हे कसब खोटं नाही, आणि मला खरी हळहळ वाटते ती इथेच. इतकं बारीक काम करू शकणाऱ्या हातांनी स्वतःचं नाव डायलवर का लिहू नये?

नकलेचा हा त्रास आजचा नाही. पॅरिसमधले अब्राहम-लुई ब्रेगे यांच्या नावाने इतकी खोटी घड्याळं विकली जात, की 1795 च्या सुमारास त्यांनी डायलवर बारा आकड्याजवळ एक गुप्त सही कोरायला सुरुवात केली. तिरप्या उजेडात धरल्याशिवाय ती दिसत नसे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपल्या 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. स्वतः घालण्यासाठी घेणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. स्वित्झर्लंडमध्ये मात्र 2008 पासून प्रवाशाच्या मनगटावरची नक्कलही कस्टम जप्त करून नष्ट करू शकतं. झुरिकला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हाजीअलीच्या हिरा पन्ना बाजाराचं नाव अमेरिकी सरकारच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीतही आलेलं आहे.

मुंबईचं स्वतःचं एक नकली घड्याळ आहे आणि त्याबद्दल मला जास्त वाईट वाटतं. फाव्र-ल्यूबा 1865 पासून मुंबईत घड्याळं विकत होती, वेस्ट एंड 1886 मध्ये आली. पुढे 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला एचएमटीचा कारखाना उभा राहिला. या सगळ्यांची जुनी घड्याळं आजही बाजारात येतात. त्यांचं डायल घासून काढायचं, भडक निळा किंवा केशरी रंग चढवायचा, त्यावर नाव पुन्हा छापायचं, केसला पॉलिश मारायचं, की माल परदेशी ग्राहकाला रवाना. तिकडचे शौकीन अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. यात मशीन बहुधा अस्सल असतं. कुणाच्या आजोबांनी निवृत्तीपर्यंत वापरलेली तबकडी मात्र कायमची पुसली जाते. तिच्यावरचा पिवळटपणा आणि एखादा डाग हाच तिच्या वयाचा दाखला होता.

फर्स्ट कॉपीचा आणखी एक त्रास पावसाळ्यात कळतो. डायलवर 300 मीटर छापलेलं असतं, पण आतलं रबर पाण्याच्या दाबाखाली कुणी तपासलेलं नसतं. कोकणातल्या एका जूनमध्ये काचेखाली बाष्प धरतं. मुलाम्याखालचं पितळ घामाने उघडं पडतं, आणि मुलाम्यात निकेल असेल तर काहींच्या मनगटाला खाजही सुटते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर असा पीस हातात घेत नाही. घड्याळजीकडेही सुटे भाग नसतात. तो अख्खं मशीनच बदलतो.

नकलेच्या भावात खरं काय मिळतं, ते आता पाहा. चांगल्या नकलेपेक्षा कमी पैशांत सेइको किंवा सिटिझनचं ऑटोमॅटिक, स्वतःच्या नावाचं आणि गॅरंटीचं, येतं. त्याहून स्वस्तात हवं असेल तर दोन-अडीच हजारांत जुनं चावीचं एचएमटी जनता मिळू शकतं. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय केंद्राने 2016 मध्ये घेतला, तरी देशभर ही घड्याळं अजून चालू आहेत. घेताना पाठ उघडून दाखवायला सांगा. मशीनवर एचएमटीची खूण आणि 17 ज्वेल्स हे शब्द दिसले पाहिजेत. डायल फारच नवं कोरं वाटलं तर सोडून द्या. रोज सकाळी ठरावीक वेळी चावी द्या, आणि तीन-चार वर्षांनी एकदा घड्याळजीकडून तेलपाणी करून घ्या.