लघवीची नळी : आज काढता येईल काय?

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकातून बाहेर पडले की रस्त्यापलीकडे, १६६४ साली स्थापन झालेले सरकारी जनरल हॉस्पिटल दिसते. उपचारांसाठी दूरदूरच्या राज्यांतून या शहरी येणारी कुटुंबे थोडी नाहीत. भाषा परकी, गाव परके; रुग्णाच्या उशाशी बसलेल्या आप्ताला आपण अगदीच निरुपयोगी आहोत असे वाटू लागते. वस्तुतः खाटेच्या कडेला लोंबणाऱ्या एका पिशवीवर लक्ष ठेवण्याचे मोलाचे काम त्याला करता येण्यासारखे असते.

ही पिशवी कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची. नळीच्या टोकाचा इवलासा फुगा निर्जंतुक पाण्याने फुगविला की ती मूत्राशयात अडकून राहते. सोय मोठी खरी. पण जंतूंना वर चढावयास ती आयती शिडीच होय. नळी असेतोवर दररोज शंभरांतील तीन ते सात रुग्णांच्या मूत्रात जंतूंचा नव्याने शिरकाव होतो. नळीवर बुळबुळीत थर करून ते राहतात आणि मग औषधांना सहजी दाद देत नाहीत. म्हणून डॉक्टरांना रोज विनयाने विचारा, "नळी आज काढता येईल काय?" कामाच्या गर्दीत ती पुष्कळदा निष्कारण राहून जाते. मात्र स्वतः ओढू नका. आत फुगा फुगलेला आहे!

पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, परंतु जमिनीला न टेकता असावी. क्ष-किरण खोलीकडे नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवली, तर मूत्र उलटे वाहू शकते. नळी व पिशवी यांचा सांधा उघडू नये. उघड्या भांड्यात मूत्र गळू देण्याच्या जुन्या रीतीत चार दिवसांत जवळजवळ प्रत्येकाला जंतू गाठीत. १९६६ मध्ये अमेरिकेत क्युनिन व मॅकॉर्मॅक यांनी बंद पिशवीचा लाभ दाखवून दिला. पिशवी रिकामी करण्यापूर्वी आणि नंतर हात धुवा. भांडे त्या रुग्णापुरतेच ठेवा.

लघवी गढूळ दिसली एवढ्यावरून प्रतिजैविकांचा आग्रह मात्र धरू नका. याच चेन्नईत ऑगस्ट २०१२ मध्ये देशातील वैद्यकसंस्थांच्या प्रतिनिधींनी 'चेन्नई जाहीरनामा' सिद्ध केला, तो अशा औषधांच्या बेबंद वापराला आणि रुग्णालयांतील जंतुसंसर्गाला आळा घालण्यासाठीच. ताप, हुडहुडी, ओटीपोटात दुखणे, वृद्धाला अकस्मात भ्रम होणे, यांपैकी काही आढळल्यास परिचारिकेला तत्काळ सांगा. नळी निघाल्यावर काही तासांत लघवी झाली नाही, तर तेही कळवा.