बावीस इंचांचं दार

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात बॉम्बफेकी विमानाची तुकडी कशी जमायची, ते आधी सांगायला हवं. प्रशिक्षण केंद्रावरच्या एका मोठ्या हँगरमध्ये वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारे, बिनतारी संदेशवाले आणि गनर यांना एकत्र सोडलं जाई आणि सांगितलं जाई, आपापले सोबती तुम्हीच निवडा. लष्कर म्हणजे यादी, हुकूम आणि क्रमांक. इथे मात्र कोणाला कोणाच्या पदरात घातलं जात नव्हतं. एकाचं बोलणं आवडलं, दुसरा शांत वाटला, तिसऱ्याच्या चेहऱ्यावर भरवसा बसला, एवढ्यावर विशी-बाविशीतली पोरं एकमेकांच्या हाती जीव सोपवत. पुढे चार इंजिनांची जड विमानं हाताळायला शिकताना फ्लाइट इंजिनिअर आणि दुसरा गनर येऊन मिळत. असे सात जण झाले की लँकेस्टर विमानाची तुकडी पुरी होई.

यातला प्रत्येक जण स्वखुशीने आलेला होता. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेच्या, विमानात चढण्याची सक्ती कोणावरही नव्हती. ब्रिटिशांबरोबर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, वेस्ट इंडीज अशा किती तरी ठिकाणचे तरुण त्यात होते. युद्धभरात सुमारे १,२५,००० जण उडाले आणि त्यांतले ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. ८,४०३ जखमी झाले, ९,८३८ शत्रूच्या कैदेत गेले. हजारो तर शत्रूचं तोंडही न पाहता, प्रशिक्षणातल्या अपघातांतच गेले.

नियम असा होता की तीस मोहिमा पूर्ण केल्या की तुकडीला विश्रांती. दर मोहिमेला शंभरातली चार विमानं पडतात असं धरलं आणि गणित मांडलं, तर तिसावी मोहीम संपेपर्यंत दहातल्या तीनच तुकड्या उरतात. हे गणित त्या पोरांनाही येत होतं. नॅव्हिगेटर तर आकडेमोडीतच तरबेज.

या इतिहासात एक मराठी माणूसही आहे. लंडनच्या हेंडन भागातल्या हवाई दलाच्या संग्रहालयात आर ५८६८ क्रमांकाचं लँकेस्टर उभं आहे. त्याच्या नाकावर शंभराहून अधिक मोहिमांच्या खुणा ओळीने रंगवलेल्या आहेत. भारतीय हवाई दलाचे शैलेंद्र एकनाथ सुखठणकर बॉम्बर कमांडमध्ये नॅव्हिगेटर होते आणि या विमानातून त्यांनी मोहिमा केल्या. पडद्याआड बसून, नकाशा, पेन्सिल आणि घड्याळ यांच्या जोरावर काळोखात विमान जर्मनीपर्यंत नेऊन परत आणायचं, हे त्यांचं काम. ते आणि ते विमान, दोघंही वाचले. एकूण ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास परतली नाहीत.

ही विमानं खाली काय टाकत होती, हेही इथेच सांगायला हवं. जुलै १९४३ च्या अखेरीस हँबुर्गवर आगीचं वादळ उठलं आणि आठवड्याभरात पस्तीस हजारांहून अधिक माणसं मेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये सुमारे पंचवीस हजार. त्यांत बायका, मुलं, म्हातारी माणसं होती. वरच्या सात जणांबद्दल हळहळताना खालच्यांचा विसर पडावा असं मला मुळीच वाटत नाही. शहरंच्या शहरं जाळण्याचं धोरण त्या सात जणांनी ठरवलेलं नव्हतं. ते वरच्या दालनांत ठरलं होतं. आणि त्याच दालनांत या सात जणांपासून बरंच काही दडवलंही गेलं. मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

फ्रीमन डायसन हे नाव पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून जगाला ठाऊक झालं. १९४३ मध्ये हा एकोणीस वर्षांचा गणिती बॉम्बर कमांडच्या मुख्यालयातल्या संशोधन विभागात रुजू झाला. तुकड्या का मरतात, हे आकड्यांतून शोधायचं त्याचं काम. तेव्हा तळांवर सगळ्यांना सांगितलं जाई की पहिल्या काही मोहिमा धोक्याच्या, पुढे अनुभव तुम्हाला तारतो. नव्या तुकड्यांना धीर यायचा तो याच वाक्यानं. डायसनने नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की १९४४ पर्यंत हे खरं राहिलेलं नव्हतं. पंचविसाव्या मोहिमेला निघालेली तुकडी पाचव्या मोहिमेवरच्या तुकडीइतक्याच सहजी मरत होती. अनुभव उपयोगी पडायचा तर मारेकरी दिसायला हवा, आणि तो दिसतच नव्हता. जर्मनांनी रात्रीच्या लढाऊ विमानांवर तिरप्या, वर तोंड केलेल्या तोफा बसवल्या होत्या. असं विमान अंधारात बॉम्बरच्या पोटाखाली येई आणि पंखातल्या पेट्रोलच्या टाक्यांवर नेम धरी. पोटाखाली पाहायला बहुतेक लँकेस्टरमध्ये ना खिडकी, ना बंदूक. आकाशात सोबतची विमानं एकदम फुटताना दिसत, तेव्हा ती बुजगावण्यासारखे भीती घालणारे जर्मन तोफगोळे आहेत, अशी समजूत तळांवर रूढ होती. असे गोळे जर्मनांकडे नव्हतेच. ती खरीखुरी विमानं होती, माणसांनी भरलेली.

दुसरी गोष्ट दाराची. लँकेस्टरच्या नाकात, बॉम्ब टाकणारा पालथा पडून राहतो त्या जागी, तळात एक झडप होती. पुढच्या माणसांनी उडी मारायची ती याच वाटेनं. तिची रुंदी बावीस इंच. जाड कपडे, फुगवायचं जाकीट, जड बूट, छातीवर पॅराशूटचं गाठोडं, विमान गिरक्या घेत खाली चाललेलं, आत धूर आणि अंधार. त्यात बावीस इंच. मागे उजव्या अंगाला मोठं दार होतं, पण तिथवर पोहोचायला विमानाच्या पोटातून आडव्या गेलेल्या जाडजूड तुळईवरून चढून जावं लागे, आणि उडी मारताना शेपटीवर आपटण्याची भीती. हॅलिफॅक्स या दुसऱ्या विमानाची झडप दोनच इंच जास्त रुंद होती. पाडलेल्या विमानांतून किती जण जिवंत सुटले, याचा हिशेब डायसनने पाहिला. अमेरिकन विमानांतून, जी दिवसा उडत, सुमारे निम्मे. हॅलिफॅक्ससारख्या ब्रिटिश विमानांतून पाव. लँकेस्टरमधून शंभरातले पंधरा.

झडप मोठी करा म्हणून संशोधन विभागातून धडपड झाली. पण कारखान्यांतून विमानं भराभर बाहेर पडत होती आणि मांडणीत बदल करायचा म्हणजे उत्पादन थांबणार. बदल मान्य होईस्तोवर युद्ध संपत आलं. दोन इंच पत्र्यासाठी गेलेल्या या जिवांचा राग मला आजही येतो. शत्रूच्या तोफेवर आपला ताबा नसतो. दाराच्या मापावर असतो.

शेपटीतल्या गनरची जागा आणखी वाईट. काच आणि धातूच्या त्या फिरत्या पिंजऱ्यात तो उलट्या तोंडानं सात-आठ तास एकटा बसे. थंडी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत. नीट दिसावं म्हणून कित्येक गनर समोरची काचच काढून टाकत. पिंजरा इतका अरुंद की पॅराशूट आत मावत नसे. ते पाठीमागच्या बोळात टांगलेलं. मार्च १९४४ मध्ये निकोलस आल्कमेड नावाच्या एकवीस वर्षांच्या गनरनं पेटलेल्या विमानात मागचं दार उघडलं तेव्हा त्याचं पॅराशूट जळत होतं. भाजून मरण्यापेक्षा पडून मेलेलं बरं म्हणून त्यानं १८,००० फुटांवरून तसंच अंग टाकलं. पाइनच्या फांद्यांनी आणि बर्फानं त्याला झेललं आणि तो पाय मुरगळण्यावर निभावला. जर्मनांना आधी तो हेर वाटला. विमानाच्या अवशेषांत जळक्या पॅराशूटच्या खुणा मिळाल्यावर त्यांची खात्री पटली.

त्याच वर्षी १२-१३ जूनच्या रात्री फ्रान्समध्ये कांब्रेच्या मोहिमेवर असलेलं कॅनडाच्या तुकडीचं लँकेस्टर पेटलं. शेपटीतला पॅट ब्रोफी पिंजऱ्यात अडकला होता. वरच्या बाजूचा गनर अँड्र्यू मायनार्स्की याला दारातून सहज निसटता आलं असतं. तो उलट रांगत आगीतून ब्रोफीकडे गेला आणि उघड्या हातांनी पिंजरा खेचत राहिला. ब्रोफीनं त्याला हातानं खुणावलं, जा. मायनार्स्की दारापर्यंत मागे सरकला, जळत्या कपड्यांनिशी वळला, मित्राला सलाम केला आणि उडी मारली. भाजल्यामुळे तो मेला. आणि ब्रोफी, ज्याची सुटका होणारच नव्हती, तो विमान आपटलं तेव्हा बाहेर फेकला जाऊन जगला. मायनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो ब्रोफीच्या साक्षीवर.

३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेंबर्गवर ७९५ विमानं निघाली. ढग येतील असा अंदाज होता. ते आले नाहीत. अर्धा चंद्र वर होता. मार्गात अडीचशे मैलांहून लांब असा एक सरळसोट टप्पा आखलेला होता, आणि त्या रात्री हवेत प्रत्येक विमानामागे वाफेची पांढरी शेपूट उमटत होती. जर्मन लढाऊ विमानं त्याच पट्ट्यात जमली होती. ९५ विमानं परतली नाहीत, ६४ लँकेस्टर आणि ३१ हॅलिफॅक्स. एका रात्रीत पाचशेहून अधिक माणसं मेली.

सिरिल बार्टन हा बावीस वर्षांचा वैमानिक त्या मोहिमेत होता. त्याच्या हॅलिफॅक्सवर हल्ला झाला, आपसात बोलायची यंत्रणा तुटली आणि खुणेचा चुकीचा अर्थ लागून नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा आणि संदेशवाला उडी मारून गेले. बार्टन तसाच पुढे गेला, बॉम्ब टाकले आणि नॅव्हिगेटरविना इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत परतला. पेट्रोल संपत आलं, समोर रायहोप गावची घरं. ती चुकवत त्यानं विमान कोळशाच्या खाणीशेजारी उतरवलं. तो मेला, त्याच्याबरोबरचे तिघे वाचले.

उडी मारून जमिनीवर पोहोचलेल्यांचं नशीबही एकसारखं नव्हतं. बेल्जियममध्ये आंद्रे द जाँग या तरुणीनं उभारलेली ‘कॉमेट’ साखळी अशा माणसांना घराघरांतून लपवत, पिरेनीज डोंगर ओलांडून स्पेनमध्ये पोचवी. ती स्वतः जानेवारी १९४३ मध्ये पकडली गेली आणि छळछावण्यांतून जिवंत परतली. जर्मनीत उतरलेल्या काहींना जमावानं ठार मारलं. बाकीचे चौकशीनंतर युद्धकैद्यांच्या छावणीत गेले.

आणि घरी तार जाई: तुमचा मुलगा बेपत्ता आहे. इकडे तळावर त्याच दिवशी खाट रिकामी केली जाई. त्याच्या वस्तू तपासायला वेगळी माणसं असत. घरच्यांना दुखावेल असं एखादं पत्र किंवा फोटो ती बाजूला काढून मग ट्रंक पाठवत. साधारण सहा महिन्यांनी मृत्यू गृहीत धरला जाई.

युद्ध संपलं तेव्हा हवाई दलाचे जगभरातले सुमारे ४२,००० जण बेपत्ता होते. त्यांना शोधायला एक खास विभाग काम करत होता. त्याचे अधिकारी जीप घेऊन गावोगाव फिरले. पाद्री, पाटलाच्या जागी असलेला मेयर, कबरी खणणारा, शेतकरी, ज्याला म्हणून काही आठवत होतं त्याला विचारत गेले. इंजिनावरचा किंवा बंदुकीवरचा क्रमांक मिळाला की विमान कळे. विमान कळलं की सात नावं मिळत. मग कबर उघडून सदऱ्याच्या गळपट्टीवरची धोब्याची खूण, बुटाचं माप, अंगठी यांवरून कोण कुठला ते ठरवायचं. हे काम करणारे बरेच जण स्वतः उडालेले होते. १९५० पर्यंत निम्म्याहून अधिक बेपत्तांच्या कबरी निश्चित झाल्या. ज्यांना वेगळं करता आलं नाही त्यांना एकत्र पुरलं. ज्यांचं काहीच सापडलं नाही, अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावं इंग्लंडमधल्या रनिमीडच्या स्मारकावर आहेत. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

त्या नावांतली काही अजूनही कमी होत आहेत. मार्च १९४३ मध्ये बर्लिनहून परतणारं एक स्टर्लिंग विमान नेदरलँड्सच्या मार्करमेर सरोवरात पडलं होतं. २००८ मध्ये बंद पडलेल्या शिडाच्या होडीच्या मदतीला गेलेल्या बचाव बोटीच्या नांगराला त्याच्या चाकांचा सांगाडा अडकून वर आला. आधी ते भलतंच विमान समजलं गेलं. मग अधिक अभ्यासानंतर बीके ७१६ हा खरा क्रमांक ठरला, आणि २०२० मध्ये गाळ चाळून विमान बाहेर काढलं गेलं. त्यात माणसांचे अवशेष मिळाले, आणि आद्याक्षरं कोरलेली सिगारेटची डबीही. सातही जणांची नावं जवळच्या अल्मेरे शहरातल्या स्मारकावर आहेत.

डच सरकारनं २०१९ पासून या कामाला स्वतंत्र कार्यक्रमाचं रूप दिलं आहे. ज्या अवशेषांत माणसं असण्याची दाट शक्यता आहे अशी तीस ते पन्नास विमानं त्यांनी हिशेबात धरली आहेत. खर्च सरकार करतं, गाळ उपसण्याआधी त्यात न फुटलेले बॉम्ब आहेत का ते सैन्याची पथकं पाहतात आणि मिळालेल्या हाडांची ओळख पटवण्यासाठी नातेवाइकांचा शोध घेतला जातो. आता नातेवाईक म्हणजे बहुधा पुतणे, भाचे आणि त्यांची मुलं.