हरून आलेल्यांची स्क्वाड्रन

ब्रिटनच्या हवाई लढाईतल्या ३०३ क्रमांकाच्या पोलिश स्क्वाड्रनचं नाव निघालं की पाठोपाठ १२६ हा आकडा येतोच. ३१ ऑगस्ट १९४० ला लढाईत उतरून सहा आठवड्यांत एवढी जर्मन विमानं पाडल्याचा तिचा दावा. हरिकेन उडवणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही स्क्वाड्रनची मजल तिथवर गेली नाही. याचं श्रेय सहसा देश गमावलेल्यांच्या सूडभावनेला दिलं जातं. ते पुरतं पटत नाही. संतापाने वैमानिक शत्रूवर झेपावेल, पण त्याचा नेम काही संतापाने सुधारत नाही. यांतले कित्येक जण १९३९ मध्ये पोलंडच्या आकाशात लढले होते, आणि तेही मेसरश्मिटपेक्षा ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक मागे पडणाऱ्या पीझेडएल पी-११ विमानांतून. अशा विमानात जगायचं तर नजर चौफेर हवी आणि गोळी अगदी जवळून झाडायला हवी. नॉर्थोल्टच्या तळावर या सवयींच्या हाती आठ मशीनगनींचं हरिकेन आलं.

ब्रिटिशांनी मात्र त्यांना आधी शिकाऊ ठरवलं. त्याला कारणंही होती: रेडिओवरचं इंग्रजी कळेना, आणि जुन्या विमानांची चाकं कायम खाली असल्यामुळे उतरताना चाकं उघडायची सवय नव्हती. या अनुभवी वैमानिकांना रेडिओ बसवलेल्या तीनचाकी सायकलींवरून मैदानात हुकमांचे धडे गिरवावे लागले! ३० ऑगस्टला सरावाच्या उड्डाणातच लुडविक पाश्केविचने रांग सोडून एक जर्मन विमान पाडलं, आणि दुसऱ्याच दिवशी स्क्वाड्रन लढाईत दाखल झाली.

आकडा फुगलेला होता, हा आक्षेप खराच आहे. प्रत्यक्षात पडलेली विमानं बरीच कमी होती. पण चकमकीत एकाच विमानावर दोघा-तिघांचा दावा सगळीकडेच लागे. १५ सप्टेंबरला ब्रिटिशांनी एकूण १८५ विमानं पाडल्याचं जाहीर केलं, युद्धानंतरच्या नोंदींत ती साठच्या आसपास निघाली. एकट्या ३०३ लाच या कसोटीवर खोटं पाडता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतर स्क्वाड्रन जुलैपासून थकल्या होत्या, ही ताज्या दमाची होती. परंतु त्याच सुमारास दक्षिणेत आणलेल्या ताज्या दमाच्या काही ब्रिटिश स्क्वाड्रन थोड्याच दिवसांत खिळखिळ्या झाल्या. त्यांच्याकडे दम होता, लढाईचा अनुभव नव्हता. ३०३ नेही माणसं गमावली; पाश्केविच २७ सप्टेंबरला गेला, आणि सतरा विमानं पाडल्याचा दावा असलेला योसेफ फ्रांतिशेक, जो पोलिश नव्हे तर चेक होता, ८ ऑक्टोबरला. त्यानंतर तीनच दिवसांनी स्क्वाड्रनला विश्रांतीसाठी उत्तरेत लेकनफील्डला हलवण्यात आलं.