रॅम भरते तेव्हा: अर्लीऊम बसवणं आणि नीट काढणं

नगर जिल्ह्याच्या पावसावर काम करायला घेतलं की 8 जीबी रॅमचा लॅपटॉप बहुतेक एकाच ठिकाणी अडकतो. अकोले तालुक्यात घाटघरला धो धो पाऊस आणि पारनेर-पाथर्डी पर्जन्यछायेत. हा फरक आकड्यांत मांडायचा तर हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचा ग्रिड डेटा घेतात: 0.25 अंशाचं जाळं, 135 गुणिले 129 बिंदू, 1901 पासून रोजचा पाऊस. 120 वर्षं एकदम 'आर'मध्ये उघडली तर 76 कोटींवर आकडे होतात. प्रत्येकाला 8 बाइट, म्हणजे 6 जीबी गेले, आणि अजून विश्लेषण सुरूच झालेलं नाही. त्यावर एखादी क्रिया केली की 'आर' आणखी एक प्रत बनवतं. मशीन ठप्प.

ठप्प म्हणजे काय होतं? मेमरी पूर्ण संपली की एखादा प्रोग्राम मारायची सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये आहेच, पण ती फार उशिरा जागी होते. तोवर रॅममधली पानं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकायची आणि परत आणायची, एवढंच चालतं. माऊस हलत नाही, सेव्ह होत नाही. शेवटी आपण पॉवरचं बटण दाबतो आणि उघडं असलेलं सगळंच जातं.

अर्लीऊम ही छोटी सर्व्हिस त्याआधी हात घालते. ती मेमरी वाढवत नाही, हे आधी डोक्यात ठेवा. (विंडोजवरचे 'रॅम क्लीनर'सुद्धा वाढवत नाहीत, दावे काहीही असोत.) रॅम आणि स्वॅप दोन्ही 10 टक्क्यांखाली आले की ती एका प्रोग्रामला बंद व्हायला सांगते, 5 टक्क्यांखाली गेले की सरळ मारते. दोन्ही, हा शब्द महत्त्वाचा. स्वॅप भलामोठा ठेवला असेल तर तो भरेपर्यंत ही वाट बघत बसते आणि तुम्हीही.

उबंटू किंवा डेबियनवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल अर्लीऊम' एवढं पुरतं, सर्व्हिस आपोआप सुरू होते. पण बळी कोणाचा? सहसा जो सर्वांत जास्त मेमरी खातो त्याचा, म्हणजे तुमच्या 'आर'चाच. क्रोमचे टॅब स्वतःहून पुढे उभे राहतात, ते एक बरं. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये अर्लीऊमची फाइल असते. तिथे 'अव्हॉइड'मध्ये 'आर' आणि 'प्रीफर'मध्ये ब्राउझर लिहून सर्व्हिस रीस्टार्ट करा. ही फक्त शिफारस आहे, अभयदान नाही.

रात्रभर चालणाऱ्या कामात खरा धोका वेगळाच. तुमचा लूप दरवर्षीची एक फाइल लिहितोय आणि 1987 च्या मध्यावर 'आर' मारलं गेलं. सकाळी फोल्डरमध्ये 1987 ची फाइल दिसते, पण ती अर्धी असते. तिची सरासरी काढली तर पावसाळा अर्धाच मोजला जातो आणि प्रबंधात तो दुष्काळ म्हणून जातो! म्हणून सकाळी आधी 'जर्नलसीटीएल -यू अर्लीऊम' बघा. कोणाला केव्हा मारलं ते तिथे असतं. आणि मुळात सगळा देश रॅममध्ये घ्यायचाच कशाला? वाचतानाच जिल्ह्याचा चौकोन कापला तर 50-60 बिंदू उरतात. 120 वर्षांचे मिळून वीसएक एमबी.

तेवढं केलं की बऱ्याचदा ही सर्व्हिस लागतच नाही. शिवाय उबंटू 22.04 पासून डेस्कटॉपवर सिस्टमडी-ओओएमडी आधीच चालू असते, आणि दोन पहारेकरी एकत्र ठेवले तर कोणी काय मारलं हे शोधत बसावं लागतं. एकच ठेवा.

अर्लीऊम काढायची तर नुसतं 'रिमूव्ह' करू नका, सेटिंगची फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी तेच जुने नियम लागू होतात. आधी 'सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ अर्लीऊम', मग 'सुडो एपीटी पर्ज अर्लीऊम'. नंतर 'सिस्टमसीटीएल स्टेटस अर्लीऊम' विचारा. अशी सर्व्हिस सापडत नाही, असं उत्तर आलं की काम झालं.