एका जनकावर वलय उभे राहते काय?

खातीपुऱ्यासह आज चहूकडे विस्तारलेले जयपूर नगर सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसविले. त्यांच्याच आश्रयाने पंडित जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडच्या भूमितीचा 'रेखागणित' हा संस्कृत अवतार नसीरुद्दीन तूसी यांच्या अरबी संस्करणावरून सिद्ध केला. युक्लिडच्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात √२+√३ यासारख्या बेरजांचा विचार आहे. हीच बेरीज आधुनिक बीजगणितातील एका प्रश्नावर चांगला प्रकाश टाकते.

ज्या संख्यासमूहात बेरीज, वजाबाकी व गुणाकार केले असता उत्तर समूहातच राहते, त्यास वलय म्हणावे. शून्येतर संख्येने भागण्याचीही मुभा असल्यास ते क्षेत्र होय. पूर्णांकांचे वलय होते, परिमेय संख्यांचे क्षेत्र. त्यांत √२ व √३ यांची भर घातली म्हणजे विस्तार होतो. या दोन संख्यांचे काम एकच संख्या करू शकली, तर तो विस्तार सरल व ती संख्या त्याचा जनक.

प्रथम क्षेत्र घेऊ. ध = √२+√३ मानल्यास ध³ = ११√२+९√३ येतो; म्हणून ध³−९ध = २√२. याचे निम्मे केले की √२ हाती येतो, आणि तो ध मधून वजा केला की √३. परिमेय संख्यांत बहुपदी समीकरणांची मोजकी मुळे मिळवून होणारा प्रत्येक क्षेत्रविस्तार असाच सरल असतो.

पूर्णांकांच्या वलयात मात्र निम्मे करण्याची मुभा नाही. मग दुसरा एखादा जनक चालेल काय? विस्तारातील प्रत्येक संख्या क+ख√२+ग√३+घ√६ अशी लिहिता येते; यांत क, ख, ग, घ हे पूर्णांक होत. तिचा वर्ग केला असता √२, √३ व √६ यांचे गुणक नेहमी सम येतात. म्हणजे दुपटीचा भाग वगळल्यास जनकाचा वर्ग निव्वळ पूर्णांक उरतो, आणि त्याच्या घातांची कोणतीही जुळणी 'पूर्णांक अधिक जनकाची पट' एवढीच राहते. अशा जुळणीतून √२ मिळावयाचा तर जनकात √२ चा गुणक विषम व √३ चा सम हवा. √३ मिळावयाचा तर नेमके उलट. दोन्ही एकदम असंभव. अर्थात हा वलयविस्तार सरल नाही.

यावरून एक अट निघते: प्रत्येक मूळ संख्येची दुपट, तिप्पट, पाचपट असा पटीचा भाग वगळून जे वलय उरते, तेथेही एक जनक पुरला पाहिजे. ही अट आवश्यक आहे, पुरेशी नव्हे. डेडेकिंड यांनी १८७८ साली क्ष³−क्ष²−२क्ष−८ = ० या समीकरणाचे उदाहरण दिले. त्याच्या मुळापासून होणाऱ्या क्षेत्रातील सर्व बैजिक पूर्णांकांचे वलयही एका जनकाने उभे राहत नाही, आणि तेथेही अडथळा २ या संख्येचाच आहे.

भागाकाराची मुभा असली की एक जनक पुरतो. ती गेली की प्रत्येक मूळ संख्येला स्वतंत्रपणे जाब द्यावा लागतो.